कोरड्या हवेत शॅमेलिऑनचे डोळे खोल जातात तेव्हा: काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने

अमेरिकेतल्या ॲरिझोना या वाळवंटी राज्यातल्या फिनिक्स आणि आजूबाजूच्या गावांतल्या मराठी घरांतून मला जे फोटो येतात, ते बहुतेक सारखेच असतात. हिरवागार व्हेल्ड शॅमेलिऑन, फांदीवर बसलेला, आणि डोळ्याभोवती खळगा. सोबत एक वाक्य: "दोन दिवस काही खाल्लं नाही, पाणी तर रोज मारतोय." मुलांच्या हट्टापायी सरडा घरात येतो, दुकानदार जाळीचा पिंजरा, एक दिवा आणि फवाऱ्याची बाटली देतो, आणि ॲरिझोनाची हवा उरलेलं काम करते. हा बिघाड मी इतक्या घरांत पाहिला आणि दुरुस्त केला आहे, की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेला आहे. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, पैसे आणि कष्ट लागणाऱ्या नंतर.

लक्षणं

डोळा सगळ्यात आधी बोलतो. शॅमेलिऑनचा डोळा कातडीच्या शंकूने झाकलेला असतो आणि टोकाला छोटंसं भोक असतं. तब्येत बरी असेल तर हा शंकू भरलेला आणि बाहेर आलेला दिसतो. पाणी कमी पडलं की तो आत बसतो आणि कडेला खाच दिसते. मात्र डोळा साफ करताना सरडा तो क्षणभर आत ओढतो, फुगवतो, फांदीला घासतो. ते नेहमीचं आहे. तासन्‌तास खोल राहिलेला डोळा ही काळजीची गोष्ट.

दुसरी खूण विष्ठेत. तपकिरी भागाला चिकटून एक पांढरा भाग असतो. ती त्याची लघवी, म्हणजे युरेट. पांढरा असला की ठीक. एका टोकाला पिवळी छटा असली तरी चालतं. अर्ध्याहून जास्त पिवळा, नारिंगी, किंवा बोटाने दाबल्यावर भुगा होणारा असला, तर सरडा पाण्यावाचून आहे. मला फोटो पाठवताना आधी विष्ठेचा पाठवा, असं मी सगळ्यांना सांगतो. डोळा संध्याकाळच्या उजेडात फसवू शकतो, युरेटचा रंग सहसा फसवत नाही.

कात तुकड्यातुकड्याने पडणं मोठ्या सरड्यात साधारणच असतं. पण बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला जुनी कात अंगठीसारखी अडकून राहिली, तर तिच्याखाली रक्तपुरवठा अडतो आणि बोट काळं पडून गळूही शकतं. त्याशिवाय जीभ फेकल्यावर किडा चिकटत नाही, तोंडात लाळ तारेसारखी ओढली जाते, बरगड्यांवर कातडी सैल पडते, भूक मंदावते. यातलं एकच लक्षण दिसलं तर घाबरू नका. दोन-तीन एकत्र दिसली की कामाला लागा.

पण तो दिवसा डोळे मिटून झोपत असेल, फांदीवरून पडत असेल, तोंडातून बुडबुडे किंवा चिकट स्राव येत असेल, किंवा मादी पिंजऱ्याच्या तळाशी निपचित बसली असेल, तर पुढच्या तपासण्या करत बसू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा आणि डॉक्टरला फोन करा.

वाळवंटातला प्राणी वाळवंटात का सुकतो

"हा येमेनचा सरडा, याला कोरडी हवा चालते," हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. व्हेल्ड शॅमेलिऑन पश्चिम येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगराळ पट्ट्यातला, एवढं खरं. दिवसा तिथे ऊन आणि कोरडेपणा असतोच. पण रात्री डोंगर थंड होतो, धुकं उतरतं, पहाटे पानांवर दव असतं, आणि सरडा ते चाटतो. रात्रभर दमट हवेत श्वास घेतल्याने शरीरातलं पाणीही टिकून राहतं. म्हणजे त्याचा दिवस कोरडा असतो आणि रात्र ओली.

आपल्या घरात नेमकं उलटं होतं. जूनमध्ये फिनिक्सला दुपारी बाहेरची आर्द्रता १० टक्क्यांच्या खाली जाते, एसी लावलेल्या खोलीत ती १५ ते २० टक्के असते, आणि रात्रीही तेवढीच राहते. मग मालक दिवसा दर दोन तासांनी बाटली घेऊन फवारतो. दिव्याच्या उष्णतेने ते पाणी दहा मिनिटांत उडून जातं. सरड्याला ना पोटभर पिता येत, ना रात्री विसावा मिळत. पाण्याचं हे वेळापत्रक उलटं फिरवणं, हाच या दुरुस्तीचा गाभा आहे. खालच्या तपासण्या तिथवर पोचण्यासाठी आहेत.

भारतात हे वाचणाऱ्यांसाठी एक स्पष्ट गोष्ट. आपल्याकडच्या झाडांवर दिसणारा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. रस्त्यावर दिसला तर ज्या दिशेने चालला असेल त्याच बाजूच्या झुडपावर सोडा. जखमी असेल तर वनविभागाला कळवा. हा लेख कायदेशीर परवानगी असलेल्या देशांत, बंदिस्त पैदाशीतून आलेल्या प्राण्यांबद्दल आहे.

१. मीटर खरं बोलतोय का

पिंजऱ्यासोबत मिळणारा गोल काट्याचा आर्द्रतामापक काढून टाका. असे काटे वीस-वीस टक्क्यांनी चुकलेले मी पाहिले आहेत. आकडे दाखवणारा डिजिटल मीटर घ्या, ज्यात चोवीस तासांतला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा साठवला जातो. साधा स्वस्तातला चालतो.

तो तपासायला मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं करा. विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एका पिशवीत घालून हवाबंद करा आणि रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्के होते. मीटर ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी दाखवतो. ते कागदावर लिहून मीटरलाच चिकटवा.

मग मीटर लावायचा तो सरडा झोपतो त्या उंचीवर, पानांच्या आत. फवाऱ्याच्या तोंडाशी नको आणि दिव्याखालीही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा सर्वोच्च आकडा बघा. तो ३० च्या आसपास असेल, तर बिघाडाचं निम्मं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. ही तपासणी पहिली ठेवायचं कारण असं की आकडा नसताना लोक अंदाजाने फॉगर, म्हणजे धुकं सोडणारं यंत्र, आणतात, आणि अंदाजाने आणलेल्या फॉगरने सरडे मरतात. त्याबद्दल पुढे येतंच.

२. वारा

टिश्यू पेपरची पातळ पट्टी पिंजऱ्याच्या चारही बाजूंना आणि वरच्या जाळीजवळ धरा. पट्टी हलली तर तिथे झोत आहे. एसीचं तोंड, हिवाळ्यात हीटरचं तोंड आणि छताचा पंखा हे तिघे नेहमीचे गुन्हेगार. आपल्या घरांत छताचा पंखा सवयीने सुरूच असतो. माणसाला बरं वाटतं, जाळीच्या पिंजऱ्यातली ओल मात्र पाच मिनिटांत जाते.

पिंजरा हलवा, किंवा एसीच्या तोंडाला दिशा बदलणारी प्लास्टिकची पट्टी लावा. स्वयंपाकघराजवळ ठेवला असेल तर तिथूनही काढा. फोडणीचा धूर आणि नॉनस्टिक तव्याची वाफ त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. पिंजरा उंचावर असावा, सरड्याला आपल्यापेक्षा वर बसता आलं पाहिजे. खाली बसलेला सरडा सतत भेदरलेला असतो, आणि भेदरलेला सरडा पाणीच पीत नाही.

३. पाणी पोचतं का, आणि तो पितो का

शॅमेलिऑन वाटीतलं स्थिर पाणी पीत नाही. बहुतेकांना ते पाणी आहे हेच कळत नाही. त्याला हलणारा, चमकणारा थेंब लागतो. एखाद्या सकाळी शांत बसून बघा: थेंब पानाच्या टोकाशी जमतो, एक डोळा वळतो, मग दुसरा त्याच थेंबावर येतो, मान पुढे होते, आणि पानाच्या कडेला जाड जीभ टेकते. एकदा चाटायला लागला की दहा-पंधरा मिनिटंही पीत राहतो. पहिले काही थेंब तर तो फक्त बघतो. म्हणून वीस सेकंदांच्या फवाऱ्याचा उपयोग नाही. त्याने प्यायला सुरुवात करायच्या आत पाणी थांबलेलं असतं.

थेंब पाडणारा सगळ्यात स्वस्त ड्रिपर म्हणजे प्लास्टिकचा कप आणि टाचणीचं भोक. पिंजऱ्यावर असा ठेवा की थेंब रुंद पानावर पडेल, सेकंदाला एक-दोन. दुपारी अर्धा तास पुरे. खाली भांडं ठेवा, नाहीतर तळ कुजेल. पुष्कळ व्हेल्ड माणसासमोर पीतच नाहीत. जुना फोन लावून चित्रीकरण करा, मग कळेल.

ज्यांच्याकडे पंपाने आपोआप फवारणारी मिस्टिंग सिस्टीम आहे, त्यांनी नोझल उघडून बघा. इथलं नळाचं पाणी फार जड आहे. पांढरा क्षार नोझलचं भोक बुजवतो आणि बारीक धुराळ्याऐवजी एका बाजूला पिचकारी उडते. टायमर वाजतो, पंप घरघरतो, मालकाला वाटतं पाणी मिळतंय, आणि सरडा कोरडाच. नोझल पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी धुवून लावा. यापुढे टाकीत आरओ किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. त्यामुळे पानांवर पांढरे डागही पडत नाहीत आणि झाडंही जगतात. उन्हाळ्यात थंड नळातूनही कोमट-गरम पाणी येतं, तेव्हा टाकी भरण्याआधी हात लावून बघा.

४. दिवे

हिवाळ्यात लावलेला बल्ब उन्हाळ्यात तसाच ठेवला, की उबेच्या फांदीवरचं तापमान चढतं. खोली ५ अंशांनी गरम झाली तर फांदीही तेवढीच गरम होते. मोठ्या व्हेल्डला फांदीवर २९ ते ३२ अंश सेल्सिअस पुरतं, पिल्लांना आणि माद्यांना २७ ते २९. मोजायचं ते फांदीजवळच्या भिंतीवर नाही, तर बसलेल्या सरड्याची पाठ आणि डोक्यावरचा तुरा जिथे येतो त्या उंचीवर. तुरा सगळ्यात आधी भाजतो. मेच्या सुरुवातीला कमी वॅटचा बल्ब लावा किंवा डिमर वापरा. तोंड उघडून, फिकट पडून बसलेला सरडा गरमीने हैराण असतो. तो गरमी सोडतो ते पाणी गमावूनच.

रात्री सगळे दिवे बंद. लाल बल्बही नको, सिरॅमिक हीटरही नको. खोली १५ अंशांपर्यंत उतरली तरी मोठ्या व्हेल्डला चालतं, आणि थंडावा त्याला हवासाच असतो.

इथेच यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरण देणारी, नळी बघून घ्या. तिचा पाण्याशी थेट संबंध नाही, पण तिच्या कमतरतेची लक्षणं तहानेसारखी दिसतात: जीभ लांब जात नाही, पकड सैल होते, खाणं कमी होतं. लांब टी-५ प्रकारची, ५ किंवा ६ टक्क्यांची नळी जाळीवर आडवी हवी, आणि फांदी तिच्यापासून साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यूव्हीबी देत नाही. नळी पेटत असली तरी वर्षभरात तिची ताकद उतरते. नळीवर मार्करने तारीख लिहा.

५. खाणं

सरड्याला पाणी पिण्यातून मिळतं तसं खाण्यातूनही मिळतं. दुकानातून आणलेले रातकिडे कोरड्या कोंड्यावर जगत असतात. तेच त्याच दिवशी खायला दिले, तर सरड्याच्या पोटात कोरडा भुसाच जातो. किडे आणल्यावर किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस, त्यांना खाऊ घाला: मोहरीचा पाला, कॉलर्ड, डँडेलियनची पानं, गाजर, भोपळा, संत्र्याची फोड. पालक नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शिअम अडकतं. किड्याचं पोट भरलेलं असलं की पोषण आणि पाणी दोन्ही सरड्यापर्यंत जातं. डुबिया झुरळं पाळायला सोपी, वास नाही, आवाज नाही, आणि ॲरिझोनात ती कायदेशीर आहेत. फ्लोरिडासारख्या राज्यात नाहीत, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी आधी नियम बघावा.

पाण्यासाठी खास उपयोगी ते हॉर्नवर्म आणि रेशमाच्या अळ्या. हॉर्नवर्म तर मुख्यतः पाणीच. सुस्तावलेल्या सरड्याला आठवड्यात दोन-तीन दिले, तर तो बऱ्याचदा पुन्हा खायला लागतो. रोज देऊ नका, नाहीतर बाकीचं काही खायचंच नाही असा हटवाद सुरू होतो. टोमॅटोच्या झाडावरून पकडलेले हॉर्नवर्म कधीच देऊ नका, त्यांच्या पोटात झाडाचं विष असतं. मीलवर्म आणि सुपरवर्म यांना मी अधूनमधून लागणाऱ्या खाऊची जागा देतो.

किड्याची रुंदी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. पिल्लांना रोज, मोठ्या सरड्याला एक दिवसाआड तीन ते पाच किडे. व्हिटॅमिन डी-३ नसलेली कॅल्शिअमची भुकटी जवळपास प्रत्येक वेळी, हलकी. किडा पांढराफटक दिसला तर ती जास्त झाली आणि सरड्याला चव नकोशी होते. डी-३ आणि व्हिटॅमिन ए असलेली भुकटी महिन्यात दोनदाच. जास्त डी-३ मूत्रपिंडावर बसतं, आणि आधीच तहानलेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडावर आणखी भार नको.

अंगणातले किडे नकोत. या भागात घरोघरी कीटकनाशक फवारणाऱ्या गाड्या महिन्याला येतात. कण्हेरीची कुंपणंही सगळीकडे आहेत. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळं विषारी. पिंजऱ्यात फांद्या लावायच्या म्हणून कुणी अंगणातली फांदी तोडून आणतं, तेव्हा ती कशाची आहे हे दोनदा बघा.

६. पिंजरा बंद करणं

इथून पुढे थोडा खर्च आणि एक मोकळा रविवार लागतो.

चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा फ्लोरिडात चांगला, इथे नाही. कारण फक्त बाजूने वारा येतो एवढंच नाही. वर दिवा लागला की त्याखालची हवा तापून वर चढते आणि छताच्या जाळीतून निघून जाते. तिच्या जागी तळातून खोलीची कोरडी हवा आत ओढली जाते. पिंजरा धुराड्यासारखा वागायला लागतो, आणि तुम्ही कितीही फवारलं तरी हे धुराडं ते ओढून बाहेर टाकतं.

म्हणून मागची बाजू आणि दोन्ही कडा पारदर्शक शॉवर कर्टनने किंवा पन्हाळी प्लास्टिकच्या पत्र्याने आतून झाका. पुढची दाराची जाळी वरून दोन-तृतीयांश झाका आणि खालचा भाग मोकळा ठेवा, म्हणजे थोडी ताजी हवा येत राहील. छतावर दिव्याचा आणि नळीचा भाग सोडून उरलेली जाळी झाका. दिव्यापासून प्लास्टिक निदान पंधरा सेंटिमीटर लांब हवं. इथे आळस करू नका, प्लास्टिक वितळतं आणि पेटतंही. सगळं डबाबंद करू नका. दुपारपर्यंत पानं पूर्ण वाळली पाहिजेत. संध्याकाळी पाच वाजता तळ ओला असेल तर तुम्ही जास्त झाकलं आहे.

मग झाडं. मोठ्या सरड्यासाठी पिंजरा किमान ६० बाय ६० बाय १२० सेंटिमीटर धरला, तर त्यात तीन-चार कुंड्या सहज मावतात. फायकस बेंजामिना, शेफ्लेरा, मनी प्लांट आणि जास्वंद. पानं बाष्प सोडतात, थेंब धरतात, आणि सरड्याला लपायला जागा देतात. प्लास्टिकच्या पानांवरून पाणी घसरून जातं. व्हेल्ड पानं खातातही, खासकरून तहान लागल्यावर. त्यांच्या आवडीचं म्हणून जास्वंद हाताशी ठेवा. फुलंही ते मजेत खातात. नर्सरीतून आणलेलं झाड स्वच्छ पाण्याने पानं पुसून नव्या मातीत लावा, कारण जुन्या मातीत खत आणि औषध असतं. मातीवर सरड्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे पसरा, म्हणजे तो माती खाणार नाही.

एवढं केल्यावर तीन रात्री मीटर बघा. बऱ्याच घरांत रात्रीचा आकडा इथेच ५५-६० ला पोचतो आणि पुढच्या यंत्रांची गरज मर्यादित राहते.

७. रात्र ओली करणं

यासाठी दोन साधनं: टायमरवरची मिस्टिंग सिस्टीम आणि फॉगर. मिस्टिंग थेंब देते, फॉगर धुकं देतो. दोन्हींची वेळ रात्रीची. मध्यरात्रीनंतर एकदा आणि दिवे लागण्याच्या तासभर आधी एकदा, दोन-तीन मिनिटं मिस्टिंग. सरडा जागा होतो तेव्हा पानांवर दवासारखे थेंब असतात आणि तो शांतपणे पितो. मग दिवसभर काही मारायचं नाही, दुपारचा ड्रिपर सोडून.

फॉगरचा नियम कडक आहे. खोली थंड असेल तरच धुकं. माझी मर्यादा २० अंश सेल्सिअस, म्हणजे ६८ फॅरनहाइट. त्याखाली रात्री ८० ते १०० टक्के आर्द्रता चालते. गरम आणि दमट हवा एकत्र झाली, की फुप्फुसाचा संसर्ग होतो. दिवसा दिवा चालू असताना फॉगर लावून ठेवणं हा कोरड्या भागातला सगळ्यात घातक घरगुती उपाय आहे. मालक धुकं बघून खूश असतो, आणि महिन्याभरात सरडा नाक वर करून श्वास घेताना दिसतो.

आता खरी अडचण. डिसेंबरात २० अंश सहज मिळतात. जुलैत मात्र घराचा थर्मोस्टॅट ७८ फॅरनहाइटला असतो, म्हणजे २५.५ अंश, आणि वीजबिल बघून तो खाली आणायची कुणाची तयारी नसते. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस दिवसाचा पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला होता. अशा दिवसांत संपूर्ण घर थंड करा असं मी कुणाला सांगत नाही. सरड्याची एकच खोली निवडा, दुपारचं ऊन न येणारी. दार बंद, पडदे जाड, आणि रात्रीपुरता छोटा एसी. खोली थंड करण्याने दुहेरी फायदा होतो: ३० अंशांच्या हवेत १५ टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा २० अंशांवर आणली, तर त्याच बाष्पात आकडा सुमारे २७ टक्के होतो. एक थेंब न घालता. वरून मिस्टिंगचं पाणीही जास्त वेळ टिकतं. तेही शक्य नसेल तर उन्हाळ्यात फॉगर बंदच ठेवा आणि पहाटेचं मिस्टिंग चार-पाच मिनिटं करा. अर्धवट ओल चालते. गरम धुकं चालत नाही.

जुन्या घरांत पाण्याचा कूलर असेल तर जूनमध्ये खोली आपोआप दमट राहते, तेव्हा मीटर बघूनच यंत्रं लावा. आणि इथला मान्सून, जो १५ जून ते ३० सप्टेंबर असा मोजतात, जुलैच्या सुमाराला खरा जोर धरतो. हवेतलं बाष्प वाढतं. जूनचा टायमर ऑगस्टात तसाच ठेवला तर पिंजरा दिवसभर ओला राहतो, बुरशी येते. दर महिन्याला टायमर बदलावा लागतो.

फॉगरची टाकी आणि नळी आठवड्यातून एकदा हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा आणि पूर्ण वाळवा. आत साचलेल्या चिकट थरातले जंतू धुक्याबरोबर थेट फुप्फुसात जातात. स्वच्छता जमणार नसेल तर फॉगर घेऊच नका.

कधी थांबायचं

पाणी, वारा, दिवे, खाणं आणि रात्र नीट केल्यावर साध्या तहानेतला डोळा एक-दोन दिवसांत भरतो, आणि पुढच्या दोन-तीन विष्ठांत युरेट पांढरा होत जातो. अठ्ठेचाळीस तासांत काहीच फरक पडला नाही तर तहान हे मूळ कारण नाही, किंवा ती आता घरच्या उपायांपलीकडे गेली आहे. खोल डोळे जंतांमुळे, संसर्गामुळे आणि मूत्रपिंड निकामी झाल्यानेही होतात. बाहेरून ते सारखेच दिसतात. रक्त तपासणी आणि विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी घरी होत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलाच डॉक्टर गाठा. कुत्रा-मांजराचा डॉक्टर चांगला असला तरी शॅमेलिऑनच्या औषधाचं प्रमाण त्याच्या रोजच्या कामातलं नसतं. सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांची संघटना आहे आणि तिची शोधयादी उपलब्ध आहे. सरडा ठणठणीत असतानाच आपल्या भागातलं नाव शोधून ठेवा.

वाट न बघता जायची वेळ: दिवसा तासन्‌तास मिटलेले डोळे, श्वासाचा आवाज, तोंडात चिकट स्राव, सुजलेला सांधा किंवा वाकलेला पाय, जीभ आत न जाणं, काळी पडलेली बोटं. मादीच्या बाबतीत आणखी एक. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, कधी वीस-तीस, कधी साठ-सत्तर. साधारण सहा महिन्यांची झाल्यापासून तिच्या पिंजऱ्यात तीस सेंटिमीटर खोल ओलसर वाळूचा डबा कायम हवा. ती तळाशी येरझाऱ्या घालत असेल, खणत असेल, तर पिंजरा झाका आणि तिला एकटं सोडा. पण खणणं सोडून ती थकून बसली, डोळे खोल गेले आणि अंडी आली नाहीत, तर अंडी अडकली आहेत. हा त्याच दिवशी जायचा प्रसंग आहे.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत एक करता येतं: न्हाणीघरात कुंडीतल्या झाडावर त्याला बसवून शॉवरचं पाणी भिंतीवर आपटू द्या, म्हणजे त्याच्यापर्यंत फक्त कोमट तुषार येतील. वीस-तीस मिनिटं. तुम्ही जवळच थांबा. तो काळवंडला, पळायला लागला तर थांबवा. सिरिंजने तोंडात पाणी ढकलू नका, त्याची श्वासनलिका तोंडात पुढेच उघडते आणि पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. माणसांची इलेक्ट्रोलाइट पेयं नकोत, बादलीत बुडवणंही नको. डॉक्टर कातडीखाली सलाइन देऊ शकतात, आणि नीट दिलेलं ते अर्ध्या तासात जे करतं ते आपल्याला घरी आठवड्यातही जमणार नाही.

जाताना ताजी विष्ठा बंद डबीत न्या, फ्रिजमध्ये ठेवलेली एक दिवस चालते. पिंजऱ्याचा पूर्ण फोटो, दिव्यांचे आणि नळीचे वॅट, रात्रीचे मीटरचे आकडे, कोणती भुकटी किती वेळा, हे एका कागदावर लिहा. डॉक्टर पहिले प्रश्न हेच विचारतात. सरड्याला छोट्या खोक्यात फांदीसह बसवा, वर कापड टाका. गाडीचा एसी दहा मिनिटं आधी चालू करा आणि मगच त्याला आत न्या. वाटेत दोन मिनिटांसाठीही बंद गाडीत ठेवून उतरू नका.